पंगतीतली नजर

पिंपळगाव राजाच्या गोकुळकडे नागपूरच्या एका कॉलेजातले बास्केटबॉलचे कोच आले होते, ते त्याच्या थोरल्या लेकीला, करिष्माला, टीममध्ये घ्यायला. सहा फुटांची पोर, बास्केटखाली उभी राहिली की चेंडू तिचाच. जेवायला भावकीतले दहा जणही बसले. पण पंगत बसल्यापासून कोच पाहत होते धाकट्या रेणुकाकडे. तीही करिष्माच्याच टीममध्ये खेळायची, पण वर्षभरात तिनं टाकलेल्या बास्केट चार. ती वरण घेऊन फिरत होती आणि कोचची नजर तिच्यामागं. गोकुळनं हातातला घास ताटात ठेवला.

शेवटी त्यानं विचारलंच, "सर, तुमी जेवून राह्यले का पोरीले पाहून राह्यले?"

"दोन्ही," कोच म्हणाले. "बारा जण जेवतोय. कोणाला काय हवं, हे तिनं एकदाही विचारलं नाही. मागायच्या आत पोळी ताटात येते. उंच पोरी मला मिळतात, बास्केट टाकणाऱ्याही आहेत. चेंडू आत्ता कोणाला द्यायचा हे ओळखणारी एकही नाही. मला ही द्या. फी, होस्टेल कॉलेज बघेल."

गोकुळचा जीव भांड्यात पडला. "न्या मंग," तो हसून म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या जयमालाच्या, पोरींच्या आईच्या, कपाळावरची आठी मात्र तशीच होती.

"म्हंजे तिथंबी हिनंच वाढायचं," ती म्हणाली. "अन् हिच्या ताटात कोण वाढीन, सर?"