पुलावरून पळालेला माणूस

“थांब जरा. पुलावर पडला तो कोण म्हणालास?” सफरचंदं सोलता सोलता म्हाताऱ्या मेहिटाबेलनं वाचून दाखवणाऱ्या लेकाला विचारलं.

“बाबा,” एल्काना म्हणाला. “म्हणजे कादंबरीतले.”

कनेक्टिकटमधल्या त्या गावाला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पुलाची लढाई तोंडपाठ होती. इंग्रजांना थोपवताना गावचे नऊ जण तिथं कामी आले. दहावा, एल्कानाचा बाप जोएल थर्लो, ऐन लढाईच्या तोंडावर पळाला. पुढची तीस वर्षं तो त्याच गावात खाली मान घालून जगला. ‘पळपुट्याचं पोर’ हे ऐकत एल्काना वाढला, पंधराव्या वर्षी जहाजावर चढला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी परत येऊन लिहायला बसला. कादंबरीतल्या बापाला त्यानं छातीवर गोळी झेलायला लावली. हे शेवटचं प्रकरण दुपारच्या टपालगाडीनं न्यूयॉर्कला जायचं होतं.

“छान लिहिलंयस. पण हा माणूस माझ्या ओळखीचा नाही,” आई म्हणाली.

“खरं लिहिलं तर लोक पुन्हा हसतील, आई.”

“खरं तुला कुठं ठाऊक आहे?” तिनं सुरी खाली ठेवली. “मला शपथ घातली होती त्यांनी. पण आता मी तरी किती दिवसांची? त्या सकाळी मी घरात एकटी अडले होते. इंग्रज आले म्हणून सुईण गाव सोडून गेलेली. शेजारच्या मुलीनं पुलावर निरोप नेला. तीन मैल धावत आले ते. तू पायाळू, त्यात नाळ गळ्याभोवती. अडलेल्या मेंढ्या सोडवलेले हात होते, म्हणून वाचलास.”

एल्कानानं विचारलं, “मग गावाला सांगितलं का नाही?”

“त्या नऊ जणांच्या आया होत्या ना इथं! एखादी म्हणाली असती, या पोरापायी आमचा गेला. ते म्हणाले, ‘बोल लावायचा तर मला लावू देत. त्याला नको.’”

टपालगाडी दाराशी थांबली आणि तशीच पुढं गेली. एल्कानानं उठून बघितलंही नाही. कोरा कागद ओढून तो पुन्हा पहिल्यापासून लिहू लागला:

‘माझा बाप जोएल थर्लो लढाईतून पळाला, म्हणून ही गोष्ट सांगायला मी आहे.’