दोरीला हिसका

शुक्रवारी कतारमधल्या उम्म सलालच्या छोट्या म्युझियममध्ये कम्युनिटी डे होता. तिथला म्हातारा गाइड पूर्वीच्या मोती काढणाऱ्यांविषयी सांगत होता. पाणबुड्या कमरेला दोरी बांधून समुद्रात उतरायचा. दम संपत आला की दोरीला हिसका द्यायचा आणि होडीतला जोडीदार त्याला वर ओढून घ्यायचा.

"यल्ला, आता तुम्ही करून बघा!" गाइड म्हणाला. मी कमरेला दोरी बांधून खाली बसले आणि मुलांनी माझ्यावर निळं कापड पसरून समुद्र केला. दोरीचं दुसरं टोक माझ्या नवऱ्याच्या, स्वानंदच्या हातात होतं.

मी हिसका दिला. तो ओढेना. पुन्हा दिला, चांगला जोरात. तेवढ्यात त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "हो सर, वाढवा ना कॉन्ट्रॅक्ट, बिनधास्त. मिसेसही इकडे मस्त रमलीय."

पुण्याला परत जाऊ या, म्हणून आदल्याच दिवशी मी त्याच्यापुढे रडले होते.

शेवटी गाइडनेच कापड उचललं. सगळे हसले. "सॉरी गं, लक्षच नव्हतं," स्वानंद म्हणाला. मीही हसले. दुसरं काय करणार?

घरी येताना गाडीत आमची लेक ईशा बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं,


"मम्मा, ते तर नुसतं कापड होतं. तू स्वतःच का नाही उठलीस?"