डावीकडची काच

दर उन्हाळ्यात उल्हास आणि त्याची बायको शरयू इंग्लंडमधल्या रीडिंगहून सुट्टीला निघत. जर्मनीत आपली गाडी इटलीला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रेनवर चढवत आणि स्वतः झोपायच्या डब्यात जात. "बिचारीला एकटीला थंडीत सोडून आपण खुशाल गादीवर लोळायचं," शरयू गाडीकडे वळून बघत दरवेळी म्हणायची.

यंदा उल्हास एकटाच गेला. शरयू जानेवारीत वारली होती. हॉस्पिटलमध्ये नर्सने समजूत घालून त्याला घरी झोपायला पाठवलं, आणि त्याच रात्री ती गेली.

इटलीत गाडी उतरवून घेतली, तेव्हा डावीकडच्या काचेवर आतून वाफ धरली होती. त्याने ती पुसली नाही. घरी येईपर्यंत ती तशीच राहिली.

दारात सामान काढताना त्यांची मुलगी सारा थबकली. "बाबा, बाकी सगळं क्लिअर आहे. फक्त आईच्या साइडला हे काय?" तो नको म्हणेपर्यंत तिने दार उघडून टिश्यूने काच लख्ख पुसली आणि दार लावलं.

काचेवर आतून वाफेचा एक गोल उमटला आणि विरला. पुन्हा उमटला, जरा लहान. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एक, त्याहून लहान.

साराने त्याचा हात घट्ट धरला. "बाबा, घरात चला ना. प्लीज."

"तू जा, बाळा." उल्हासने हात सोडवून घेतला आणि उजवीकडचं दार उघडून तो आत बसला. "या वेळी मी थांबतो."