कावळ्याची जागा

पान उलगडलं आणि देन्रोकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चित्र झकास होतं. तोंडात मासा धरून मांजर पळतंय, मागे कोळीण, तिच्यामागे निम्मं एदो शहर. पण छपराच्या वर चांगली चार बोटं जागा कोरी. तीस वर्षं त्याचा जोडीदार किहाची हा पुस्तकांसाठी चित्रं काढायचा आणि उरल्यासुरल्या जागेत देन्रोकू गोष्ट लिहायचा. कधी किटलीच्या वाफेत, कधी पळणाऱ्यांच्या पायांत. तीस वर्षं जागेवरून भांडणं. आणि आज हे मैदान!

"माझ्या हाताचं तुला कुणी सांगितलं?" त्याने समोर बसलेल्या किहाचीला विचारलं. शेगडीपाशी देन्रोकूची बायको शिगे उगाचच निखारे फुंकत बसली.

"काय सांगायचंय? हात चुकला माझा," किहाची म्हणाला.

"तुझा चुकला होय! भरून टाक ती जागा. लोक म्हणतील, चित्रकार म्हातारा झाला."

"आधी तू लिही तर."

देन्रोकूने कुंचला नेला तो थेट छपराखालच्या बोटभर फटीत. एके काळी तिथे त्याने सात ओळी बसवल्या असत्या. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट घट्ट धरलं. तरी कुंचला थरथरला आणि शाईचा टपोरा थेंब छपरावर पडला.

मागच्या पुस्तकातल्या अक्षरावरून प्रकाशकाने आधीच नाक मुरडलं होतं. हे पान बिघडलं तर काम दुसऱ्याकडे जाणार. देन्रोकूला रडू फुटेलसं वाटलं.

किहाचीने पान स्वतःकडे ओढलं. थेंबाला चोच काढली, शेपूट काढलं, दोन पाय काढले.

"मासा दिसला की कावळा येणारच," तो म्हणाला.

"गोष्टीत कावळा नाहीये, गाढवा."

"मग घाल. जागा आहे की."

देन्रोकूने कुंचला पुन्हा शाईत बुडवला. मग वरच्या कोऱ्या जागेत, मोठ्या मोठ्या अक्षरांत त्याने कावळ्याला बोलतं केलं. अक्षरं जराशी हललीच. छपाईसाठी पान लाकडावर कोरणारा ती तशीच कोरणार होता. शिगेने दोघांपुढे चहा ठेवला.

शाई वाळेपर्यंत देन्रोकूने मान वर केली नाही.

"पुढच्या पानावरही हा कावळा येईल म्हणतो," तो म्हणाला. "त्याला जागा ठेव."