सत्कारमूर्ती क्रमांक चार

गटाराचं नवंकोरं झाकण. रंगाचा वास अजून गेलेला नाही.

कार्यक्रमपत्रिका, गुळगुळीत कागदावर. एक: सर्वांत स्वच्छ गल्ली. दोन: ज्येष्ठांचं वाचनमंडळ. तीन: शालेय बुद्धिबळ. चार: युवा शौर्य.

उजव्या हाताची तीन नखं, मुळापासून उखडलेली.

टेलरच्या दुकानात टांगलेला छोटा फ्रॉक. खालची पट्टी दुमडायची राहिलेली.

"मी जाणार नाही," मुलगी म्हणाली.

"जायचं," आई म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही. मला तिथे माईक मिळणार आहे म्हणून."

तीन आठवड्यांपूर्वी पाण्याची मोठी लाईन फुटली आणि क्लासच्या गल्लीत गुडघाभर पाणी झालं. खालचं गटाराचं तोंड उघडं होतं; झाकण कित्येक महिने तुटलेलं. तीन लहान मुलं आत गेली. मुलगी सोळा वर्षांची. पालथं पडून तिने दोघांना केसांना, कॉलरला धरून ओढून काढलं. तिसरी टेलरची नात. ती निघाली नाही.

आता नगरपालिका मुलीला सन्मानचिन्ह देणार होती. आणि नवं झाकणही बसवलं होतं, तेही दुसऱ्याच दिवशी.

"एका दिवसात बसलं," आई म्हणाली. "म्हणजे गोदामात पडून होतं. मेल्यांना जागेवरून उठायचं नव्हतं."

आई त्याच नगरपालिकेत आवक खिडकीवर होती, सतरा वर्षं. इमारतीत येणारा प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जाई. रोज साठ-सत्तर. शिक्का, क्रमांक, पुढचा. झाकणाबद्दल अर्ज गेला होता असं टेलरने दुकानात ऐकलं होतं. कुणी दिला ते त्याने विचारलं नव्हतं. आईने वर्षाची नोंदवही दोनदा पालथी घातली. काही सापडलं नाही.

"म्हणजे परस्पर इंजिनिअरकडे गेला आणि त्याने जिरवला," ती म्हणाली. "भर सभेत विचारणार आहे मी."

"जाऊ दे ना, आई."

"काय जाऊ दे?"

"कळून काय होणार आहे?"

"त्या पोरीच्या आजोबांना जाऊन सांग हे. बघ काय म्हणतात."

मुलगी न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मी येते. पण तू बोलू नकोस. एवढं एक ऐक माझं."

आईने केसांना पिन लावली.

सभागृहात पंखे होते, वारा नव्हता. सर्वांत स्वच्छ गल्लीचं बक्षीस इंजिनिअर राहतो त्या गल्लीला मिळालं.

"त्यांच्याकडे गटारांना झाकणं असतात म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं. दोन-तीन जण हसले. टेलर दुसऱ्या रांगेत बसला होता. तो हसला नाही.

नगराध्यक्ष उद्याच्या नागरिकांवर वीस मिनिटं बोलले. "तरुणांचा आवाज," ते म्हणाले, "ही आपल्या शहराची खरी संपत्ती." बुद्धिबळवाला मुलगा जांभई देत खाली उतरला.

चौथं नाव पुकारलं. मुलगी उठेना. आईच उठली, व्यासपीठावर गेली, निवेदिकेच्या हातातून माईक घेतला.

"पितळेचा तुकडा नको आम्हाला. नाव हवंय. झाकणाचा अर्ज कुणी अडवला? एक लेकरू गेलं. ज्याने तो कागद परत ढकलला किंवा दाबला, त्याने इथे या आजोबांसमोर उभं राहावं. आज. आत्ता."

टाळ्या पडल्या. टेलर उभा राहिला. इंजिनिअर बुटांकडे बघू लागला.

मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले, "बाई, असा अर्ज आल्याची नोंद नाही. नोंदवही तुमच्याकडेच असते."

"म्हणून तर सांगते. माझ्या खिडकीतून कागद गहाळ होत नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही."

पुन्हा टाळ्या. मुलगी आता व्यासपीठाच्या पायऱ्यांवर होती.

"आई, खाली चल."

"नाव मिळाल्याशिवाय नाही. तू त्या गल्लीत रोज क्लासला जायचीस. तूच सांग यांना. अर्ज गेला होता की नाही?"

मुख्याधिकारी मुलीकडे वळले. "सांग बाळ. तुला काही ठाऊक आहे?"

मुलीने टेलरकडे पाहिलं. मग आईकडे.

"नाही," ती म्हणाली. "असा अर्ज कुणी दिलाच नव्हता. टेलरकाकांच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

टेलर हळूहळू खाली बसला. इंजिनिअरने मान वर केली आणि घाम पुसला. नगराध्यक्षांनी घाईघाईने सन्मानचिन्ह पुढे केलं. मुलीने पट्टी बांधलेल्या हाताने ते घेतलं. फोटो निघाला.

आईने माईक टेबलावर आपटला. "कशासाठी ग? या डबड्यासाठी?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "त्यांना वाचवलंस तू. आजपासून मला तोंड दाखवू नकोस."

मुलगी सन्मानचिन्ह घेऊन पायऱ्या उतरली.

नऊ जानेवारीला क्लासमधल्या अकरा मुलांनी झाकणाबद्दलचा अर्ज टपालाने पाठवला होता. पहिल्या सहीपुढे वय लिहिलं होतं, अकरा. खालच्या सह्या वाचायची गरज पडली नाही. 'अर्जदार सज्ञान नाहीत' असा शेरा मारून तो चौथ्या दिवशी क्लासच्या पत्त्यावर परत आला. परत केलेल्या अर्जाला आवक क्रमांक पडत नाही. सातवी सही मुलीची होती. शेऱ्याखालची आईची.