आठवी भाषा

यॉर्कमधल्या एका जुन्या घरात, वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन बघायला मी आणि माझी मैत्रीण मझल गेलो. काउंटरवर ऑडिओ गाइड मिळाला. त्यात सात भाषा होत्या. मी मोजल्या. मराठी नव्हती, म्हणून इंग्रजी लावली.

तिसऱ्या खोलीत कानात एका बाईचा आवाज आला. “तनू, किती भरभर चालतेस गं?”

मी संतापले. तिकिटावर माझं नावसुद्धा नव्हतं. मग यांना ते सांगितलं कोणी? मी तडक खाली काउंटरवर गेले. तिथल्या माणसानं ऐकलं आणि म्हणाला, छताच्या तुळयांची माहिती चालू आहे. मझललाही तुळयांचीच माहिती ऐकू आली.

“झालं तुझं? आता सिटी कौन्सिलला तक्रार लिही,” ती हसली. मझल लंडनमध्ये वाढलेली. तिला मराठी घरातून निम्मीच मिळाली आहे.

मी उपकरण बदलून घेतलं आणि तोच भाग पुन्हा लावला.

“माझी तक्रार केलीस?” आता ती बाईही चिडली होती.

“हो, केली! विचारल्याशिवाय माझं नाव घ्यायचं नाही!” मी हेडफोन काउंटरवर आपटला. त्यातून बारीक पण स्पष्ट आवाज आला, “बरं. येते मी.”

या वेळी मझलनंही ऐकलं. “कुठे येते?”

“कुठे नाही गं. येते म्हणजे बाय. आपल्यात असंच म्हणतात. गेली ती.”

मझल माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती.

“मग ती खाली का येते?”