कानशिलावरची गाठ

“शनिवारी त्यांच्या डोक्याला तेल लावत जा आणि त्यांना एकटं पडू देऊ नकोस,” शेवटच्या आजारात शर्मिष्ठाताई नवऱ्याबद्दल म्हणाली होती. तिची मावसबहीण हेमांगी हो म्हणाली. वर्षभराने ती त्याच घरात मधुसूदनरावांची दुसरी बायको म्हणून आली.

पुढे राव विसरू लागले, तेव्हा त्यांच्या कवटीत आठवण करून देणारं यंत्र बसवलं. त्यातला आवाज फक्त त्यांनाच ऐकू येई, आणि तो त्यांनी ताईचाच, त्यांच्या शमीचाच निवडला.

“गोळी घेतलीत?” हेमांगी विचारी.

“शमीने केव्हाच सांगितलं,” म्हणून ते गालात हसत. हेमांगी आत जाऊन देवाचा तांब्या उगाच घासत बसे.

एका शनिवारी तेल लावताना कानशिलावर, यंत्र बसवतानाच्या टाक्यांपाशी मऊ गाठ लागली. ती नाडीसारखी उडत होती. ताईचं काळीजच तिथे येऊन बसलंय असं वाटून हेमांगीने हात काढला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी गाठ सुपारीएवढी झाली, तेव्हा मात्र तिने घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

“यंत्र बसवताना कातडीखालची धमनी दुखावली असणार. ती फुटू शकते, आत्ताच निघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यंत्र काढून टाकलं तर काम सोपं होईल. काढू का?”

‘काढा’ हेमांगीच्या ओठांवर आलंच होतं. समोर राव उलट्या चपला घालून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत बसले होते.

“राहू दे,” ती म्हणाली.

“शमी म्हणते, तू येशील बरोबर,” राव म्हणाले.

तिने खाली बसून त्यांच्या चपला सरळ केल्या. “सांगा ताईला, निघालेय.”